उजवी बाही

वस्तीतल्या पोरांनी तिचं नाव वजनबाई ठेवलं होतं, आणि पोरांनी एकदा नाव ठेवलं की ते धुतलं तरी जात नाही. खांद्याला काळी पिशवी, पिशवीत तान्ह्या बाळांना तोलायचा चपटा काटा, आणि एका कुशीवर कललेली तिची ती चाल. गल्लीच्या तोंडाशी ती दिसली की पोरं बोंब मारायची, वजनबाई आली, आणि घराघरातल्या आया लगबगीने कामाला लागायच्या. कुणी बाळाला पोटाला तड लागेस्तोवर पाजायची, कुणी ओलं दुपटं मुद्दाम बदलायचीच नाही, तेवढंच वजन भरेल म्हणून. एका आजीने तर कमाल केली होती. नातवाच्या लंगोटात तिने दाराचं कुलूप खोचून ठेवलं होतं. वजनबाईने ते शांतपणे काढलं, एकटंच काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, कुलूप छान बाळसं धरतंय आजी, आता नातवाचं बघू.

तिचं काम असं, की वेळेआधी जन्मलेली मुलं दवाखान्यातून घरी आली की त्यांच्या मागोमाग आपणही जायचं. आधी आठवड्याला, मग महिन्याला. वजन बघायचं, डोकं मापायचं, मान धरतंय का, नजर फिरवतंय का, कुशीवर वळतंय का ते पाहायचं. असल्या मुलांना दोन वयं असतात. एक जन्मापासूनचं, आणि दुसरं, वेळेवर जन्मलं असतं तर जे झालं असतं ते. वाढ मोजायची ती दुसऱ्या वयाने. हे समजावता समजावता तिच्या घशाला कोरड पडायची, कारण शेजारणीला फक्त पहिलं वय कळतं. अजून बसत नाही का हो तुमचं, आमचं तर या वयात घरभर फिरत होतं, असं म्हणून ती डोक्यात भुंगा सोडून जाते, आणि तो भुंगा काढायला परत वजनबाईनेच यायचं.

त्याआधी बरीच वर्षं ती दवाखान्यातल्या काचेच्या पेट्यांच्या खोलीत होती. तळहाताएवढी पोरं, दोऱ्याएवढ्या शिरा, आणि दिवसभर वाकून वाकून काम. शेवटी पाठीने हात टेकले, तेव्हा साहेबांनी तिला घरभेटींवर पाठवलं. नवरा होता, होता तेवढे दिवस होता. मूलबाळ झालं नाही. त्यावरूनही लोक बोलायचेच, जिला स्वतःचं नाही ती दुसऱ्यांच्या लेकरांत खोट शोधत हिंडते. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. ती ऐकून सोडून द्यायची. तोंडाने फटकळ होती खरी, पण बाळाला हात लावायच्या आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम करायची आणि मगच लावायची.

तिचे दोन नियम होते. घरात शिरल्या शिरल्या बाळाला उचलायचं नाही. जमिनीवर बसायचं आणि आधी नुसतं बघायचं. आणि कोणाच्याही घरी चहा घ्यायचा नाही. नव्या नर्स हाताखाली यायच्या तेव्हा ती त्यांना बजावून सांगायची, चहा घेतला की आपण पाहुणे होतो, आणि पाहुण्याला घरातलं वाईट दिसत नाही. पोरी माना डोलवायच्या आणि मागे हसायच्या.

हे दोन्ही नियम मोडले ते शिंप्याच्या घरात.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा, एवढंच ते घर. म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर डावखुरे, त्यांचा मुलगाही डावखुरा, आणि मास्तरांचे वडील, ज्यांनी ते दुकान थाटलं, तेही डावखुरे. दुकानात कात्री डाव्या हाताची, खास घडवून घेतलेली. नव्या कारागिराने उचलली की कापड चावल्यासारखं निघायचं आणि बापलेक पोट धरून हसायचे. घरात उजव्या हाताची एकटी सून. मास्तर तिला चिडवायचे, आमच्या घरात उजवी काय ती तूच बाई, बाकी आम्ही सगळे डावे. सून हसायची. बोलायची कमी, पण मास्तरांच्या चष्म्यापासून नवऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं घर तिच्या जिवावर चालायचं.

तिला मुलगी झाली ती फार लवकर. मास्तर दवाखान्यात काचेतून बघून आले आणि म्हणाले, हिच्या मापाचा आकडाच नाही टेपवर, चिमूटभर तर आहे. तेव्हापासून तिचं नाव चिमटी. कागदावर दुसरं काहीतरी होतं, ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही.

चिमटी दवाखान्यात असतानाच तिच्या डोक्याची तपासणी झाली होती, आणि मेंदूच्या डाव्या बाजूला एक लहानसा डाग निघाला होता. जन्मतेवेळी थोडं रक्त आत पाझरलं होतं. यातून काही होईल किंवा काहीच होणार नाही, डॉक्टर म्हणाले, ते आज सांगता येत नाही, वाढताना कळेल. घरी नर्स येईल, ती बघेल. बस्स, एवढ्या एका वाक्याला आई धरून बसली. ती बघेल. त्यामुळे वजनबाई निघायला उठली की आई दर वेळी दारापर्यंत यायची आणि एकच विचारायची, ठीक आहे ना, ताई? त्या ठीक शब्दावर तिचे पुढचे दिवस जायचे. तो मिळाला की जेवायची, झोपायची, नवऱ्याशी चार शब्द बोलायची. वजनबाईला हे माहीत होतं, म्हणून ती तो शब्द उगाच कधी द्यायची नाही.

सुरुवातीला चिमटीचं वजन काही केल्या वाढेना. चमच्याने दूध पाजायचं, थेंब थेंब. आईच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. आठवड्यामागून आठवडे काटा जागचा हलेना. आणि मग एके दिवशी हलला, चांगला हलला. वजनबाईने चिमटीला उचलून पुन्हा ठेवून पाहिलं, तोच आकडा. आई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. पडद्याआडून मास्तर स्वतः चहाचा कप घेऊन आले. आज नाही म्हणालात तर दुकान बंद करून इथेच धरणं धरीन, म्हणाले. वजनबाईने कप घेतला. चहा कोमट होता आणि साखर जास्त झाली होती, पण ती पुढे पुष्कळ दिवस म्हणायची की असा चहा जन्मात प्यायले नाही.

त्या दिवसापासून ती घरचीच झाली, आत शिरल्या शिरल्या चिमटीला उचलून घ्यायला लागली. भेटींच्या यादीत शिंप्याचं घर ती मुद्दाम शेवटी ठेवायला लागली, म्हणजे तिथे जरा टेकता यायचं.

दुसऱ्या वयाने चिमटी चार-पाच महिन्यांची झाली असेल. मास्तर तिच्याकडे वाकून बोबडं बोलत होते, गळ्यात टेप लोंबत होती. चिमटीने डावा हात झपकन उचलला आणि टेप पकडून अशी ओढली की मास्तरांचं नाक तिच्या पोटावर आदळलं. घरात नुसता जल्लोष. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, मास्तर म्हणाले, आमच्या पोरीने हात दाखवला. बाप गल्लीभर सांगत सुटला की मुलगी आमच्यावर गेली. सून म्हणाली, आता मी अगदीच एकटी पडले. वजनबाईनेही टाळ्या वाजवल्या, नुसत्या वाजवल्या नाहीत, तिचे डोळे भरून आले.

त्याला कारण होतं. ती स्वतः जन्माची डावखुरी. तिच्या बापाला ते चालायचं नाही. जेवताना, लिहिताना तो तिचा डावा हात सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून ठेवायचा. मनगटाला वळ उठायचे. पुढे उजव्या हाताने सगळं यायला लागलं, पण काचेच्या पेट्यांच्या खोलीत, एखाद्या बाळाची शीर सापडतच नसली की डावा हात आपोआप पुढे यायचा आणि शोधून काढायचा. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शिंप्याच्या घरात सांगितलं. मास्तरांनी तिच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की हो, बाई. ज्याला लहानपणी हात बांधून बसवलंय, त्याला हे वाक्य काय वाटलं असेल ते सांगायला नको. जिथे डाव्या हाताचं कौतुक होतं असं घर तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

आणि इथेच ती फसली. नव्या पोरींना ती स्वतः शिकवायची, की मूल वर्षाच्या आत हात निवडत नाही. दोन्ही हातांनी सारखंच धरतं, सारखंच सांडतं. एखाद्याने लवकर हात निवडला तर त्या हाताचं कौतुक करू नका, दुसऱ्या हाताकडे बघा. मेंदूचा डावा भाग अंगाची उजवी बाजू चालवतो हे तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दुसऱ्या कोणत्याही घरात तिने ते पहिल्या दिवशी पकडलं असतं. पण हे घर डावखुऱ्यांचं होतं, आणि डोळ्यांना दिसलं तरी मनाने घ्यावं लागतं. ते मनाने घेतलं नाही.

मग काय, सगळेच चिमटीला जे द्यायचं ते डाव्या बाजूने द्यायला लागले. खुळखुळा डावीकडे, रिकामी रिळं डावीकडे, बोट धरायला दिलं तर डावीकडून. वजनबाईही तसंच करायची. डावा हात दिवसेंदिवस चलाख होत गेला. उजवा छातीशी दुमडलेला असायचा, मूठ मिटलेली, अंगठा आत. चिमटी पालथी वळायला लागली, जरा उशिरा बसायला लागली, हाक मारली की बघायला लागली, आजोबांना पाहून खिदळायला लागली. वजनबाई दर वेळी ठीक म्हणायची आणि तिला ते खरंच वाटायचं.

एकदा आईने विचारलं. बाकी कुणी जवळ नव्हतं, बाळाची आंघोळ नुकतीच झाली होती. म्हणाली, हिची उजवी मूठ नीट उघडत नाही, ताई. आत मळ साचतो, वास मारतो. बोटं ओढून काढावी लागतात, आणि ओढली की जास्तच घट्ट धरते. वजनबाईने मूठ हातात घेतली, अंगठ्याने कुरवाळली, तिचा मुका घेतला.

"उघडेल गं. दोन वयं विसरू नकोस."

आईने मान हलवली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ज्या बाईने काटा हलेपर्यंत खोटा धीर दिला नव्हता, ती उघडेल म्हणतेय म्हटल्यावर शंका घ्यायची कुणी?

पुढे मुलगी बसती झाली म्हणून भेटी विरळ झाल्या, आणि मग शेवटची भेट आली. दुसऱ्या वयाने चिमटी वर्षाची होत होती. आज बाईंनी ठीक म्हटलं की सुटलो, असंच सगळ्यांनी धरलं होतं. आईने घर लख्ख केलं होतं, बाप दुकानातून लवकर उठून आला होता. मास्तरांनी नातीसाठी नवा फ्रॉक शिवला होता, पिवळा, गळ्याला बारीक झालर. चिमटी चटईवर बसून डाव्या हाताने एक रीळ आपटत होती, आणि तोंडाने त्या आपटण्याला साथ देत होती.

वजनबाई समोर बसली. तिचंही मन हलकं होतं. फ्रॉककडे बघताना तिला गंमत वाटली आणि ती मास्तरांना म्हणाली, वय झालं बरं का मास्तर, हात चळायला लागला. उजवी बाही डावीपेक्षा घेरदार झालीय.

मास्तर ओशाळं हसले. मुद्दाम केलीय म्हणाले. सूनबाई म्हणते उजवा हात बाहीत जातच नाही, कोपरात अडतो. पहिल्या फ्रॉकचा मुंढा, बाही जोडायचा घेर, वाढवला, तरी अडला. दुसऱ्याचा आणखी वाढवला. मग टेप लावून दोन्ही दंड मापले, उलट उजवाच अंमळ बारीक निघाला. म्हणजे हात जाड म्हणून अडत नाही. मग माझ्याच कापण्यात काहीतरी चुकतंय, बाई. इतकी वर्षं झाली, असं कधी झालं नाही.

वजनबाईने तो फ्रॉक पुन्हा पाहिला, त्या ढगळ बाहीतून बाहेर आलेली ती मिटलेली मूठ पाहिली, आणि इतके महिने जे समोर होतं ते तिला एका क्षणात सगळंच्या सगळं दिसलं.

तिने चिमटीच्या हातातलं रीळ काढून घेतलं आणि तिच्या बरोबर समोर, मधोमध ठेवलं. डावा हात आला. तिने तो डावा हात हळूच आपल्या हातात धरून ठेवला आणि रीळ उजवीकडे सरकवलं. चिमटीने रिळाकडे पाहिलं. उजवा खांदा हलला, कोपर तसंच वाकलेलं राहिलं, आणि मिटलेल्या मुठीचा धक्का लागून रीळ घरंगळत लांब गेलं. चिमटी त्याच्याकडे बघत राहिली. मग डावा हात सोडवायला धडपडली, आणि सुटेना म्हणून रडायला लागली. वजनबाईने हात सोडला. मग तिने उजवं कोपर सरळ करून पाहिलं, ते गंजलेल्या बिजागरीसारखं मध्येच अडलं. काखेत धरून उभं केलं, तर डावं पाऊल चटईवर सपाट टेकलं आणि उजवं चवड्यावर उभं राहिलं.

एवढ्या वेळात आई चटईजवळ येऊन बसली होती.

"मास्तर, ही डावखुरी नाही," वजनबाई म्हणाली. "हिचा उजवा हात चालत नाही, म्हणून ही डावा वापरते."

मास्तर आधी हसले. मग म्हणाले, आमच्या घरात तीन पिढ्या हेच आहे, ही चौथी. मग त्यांचा आवाज चढला. तुम्हीच दर वेळी ठीक म्हणालात. तुम्हीच टाळ्या वाजवल्यात. आज उठून सांगता खोट आहे, मग इतके दिवस काय नुसतं वजन करत होतात? तुमच्या त्या बापाने तुमचा हात बांधला तसा आता आमच्या पोरीचा बांधा. हे शेवटचं बोलल्यावर त्यांचं त्यांनाच लागलं असावं, कारण ते एकदम थांबले आणि पडद्याची कड धरून उभे राहिले. चिमटीचा बाप लांब गेलेलं रीळ उचलून आणायला गेला आणि ते हातात घेऊन तिथेच उभा राहिला.

वजनबाईने सगळं ऐकून घेतलं. एरवी कुणाचं एक ऐकून न घेणारी बाई, पण त्यात खोटं काय होतं? मग तिने समजावून सांगितलं, थोडक्यात आणि सरळ. डोक्यातल्या त्या डागाचा हा परिणाम आहे. डाग वाढत नाही, पण गेलेलं परत येत नाही. मुलगी चालेल, बहुतेक चालेल, उशिरा आणि लंगडत. हात किती सुधारेल ते मेहनतीवर आहे. उद्याच्या उद्या व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायचं, त्यांना आजच निरोप देते.

आई रडली नाही. तिने चिमटीला मांडीवर घेतलं होतं आणि ती मिटलेली मूठ आपल्या तळव्यात धरली होती.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

"तुम्ही उघडेल म्हणालात."

"म्हणाले."

"तेव्हाच सांगितलं असतंत, तर फरक पडला असता?"

या धंद्यात या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर असतं. तसं काही सांगता येत नाही, असं म्हणायचं. ते धड खोटंही नसतं. तिने स्वतः ते कितीतरी घरांत दिलं होतं, कितीतरी आयांना त्यावर झोप लागली होती. आत्ता दिलं असतं तर हे घर तिचं राहिलं असतं. मास्तर चार दिवसांनी निवळले असते, आईने पूर्वीसारखं ताई म्हटलं असतं. तिचं या जगात दुसरं कुठलं घर होतं, जिथे दिवस संपताना टेकावं? ते उत्तर अगदी जिभेवर आलं होतं.

"पडला असता," ती म्हणाली. "पूर्ण बरी झाली नसती. पण तेव्हापासून हाताला शिकवलं असतं तर आज मूठ इतकी घट्ट नसती. हे महिने वाया गेले. माझ्यामुळे गेले."

आई तिच्याकडे पाहत राहिली. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या दुकानात चुकून शिरावं आणि आपल्याला हवं ते इथे मिळत नाही हे कळावं, तसं ती पाहत होती.

"मग जे काय करायचं ते आत्ता मला सगळं दाखवा," ती म्हणाली. "पुढच्या वेळेपासून दुसऱ्या कोणाला तरी पाठवायला सांगा."

वजनबाई बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार. ती चटईवर पुढे सरकून आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि दाखवायला लागली. बोटं टोकाकडून ओढायची नाहीत, ओढली की ती आणखी आवळतात. मनगट आधी हळूच आत वाकवायचं, मग अंगठा त्याच्या बुडापासून धरून बाहेर काढायचा, टोकापासून नाही. अंगठा सुटला की बोटं आपोआप सैल पडतात. तळवा उघडला की तो कशावर तरी टेकवायचा, कापडावर, आपल्या गालावर, स्वतःच्याच पायावर, म्हणजे हाताला कळतं की आपण आहोत. जे द्यायचं ते आता उजवीकडून द्यायचं. ती रडेल, चिडेल, डावा हात मध्ये आणेल. तरी द्यायचं. कपडे घालताना आधी उजवा हात घालायचा आणि मग डावा. काढताना आधी डावा आणि मग उजवा. हे ऐकल्यावर मास्तर पडद्याजवळून म्हणाले, म्हणजे बाही वाढवायची गरजच नव्हती. नव्हती, वजनबाई म्हणाली. मास्तर पडद्यापलीकडे गेले.

आईने सगळं ऐकलं. दोनदा पाहिलं. मग म्हणाली, आता मी करते. तिने मनगट वाकवलं, अंगठा शोधला, पण घाईत टोकापासूनच धरला. मूठ आणखी आवळली आणि चिमटी किंचाळली. आई थांबली. घाम पुसला. परत मनगट, परत अंगठा, या वेळी बुडापासून. अंगठा हळूहळू बाहेर आला, मागून एकेक बोट सैल झालं, आणि तळवा उघडला. आतली कातडी पांढरट आणि ओली होती, रेघांत मळ होता. क्षणभर तो आईच्या तळव्यावर उताणा पडून राहिला. मग बोटं पुन्हा वळायला लागली, अंगठा पुन्हा आत गेला.

वजनबाईचा हात नकळत पुढे झाला. डावाच.

"राहू द्या," आई म्हणाली. "मला येऊ दे."